दुकानाचा डेटा फुटला, आता आपल्या कार्डाचं काय करायचं

सोलापूरच्या गड्डा यात्रेत पाळण्याखाली उभा होतो, एका हातात गरम भज्यांचा कागद, पोरगी वरती पाळण्यात, आणि मोबाइल वाजला. एका कपड्याच्या दुकानाचा मेसेज, ज्यांच्या वेबसाइटवरनं आम्ही दिवाळीला खरेदी केली होती. आमच्या सिस्टीममधे बाहेरच्या कुणीतरी प्रवेश केल्याचं लक्षात आलंय, काही ग्राहकांची माहिती बघितली गेली असण्याची शक्यता आहे, दिलगीर आहोत. बास. कुठली माहिती, कुणाची, कधी, काय नाय. मी वाचलं आणि मोबाइल खिशात टाकला कारण पोरगी वरनं ओरडायली होती.

चौथ्या दिवशी रात्री दोन वाजता क्रेडिट कार्डावर ८९ रुपयांचा व्यवहार, कुठल्यातरी परदेशी साइटवर, ओटीपी नाही काही नाही. सकाळी बघितलं तर आधी वाटलं असेल पोरीचं कसलंतरी गेमचं, ८९ रुपयासाठी कोण बँकेला फोन लावतंय. पण मी एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटमधे हिशोब बघतो, न जुळणारा आकडा पोटात राहतो माझ्या, म्हणून लावला फोन आणि कार्ड बंद केलं. त्याच दिवशी दुपारी त्याच कार्डावर १८ हजाराचा प्रयत्न झाला आणि परत गेला. म्हणजे ८९ रुपये हे नुसतं दार ढकलून बघणं होतं, उघडं आहे का.

तेव्हापासनं मित्रांपैकी कुणाला असा मेसेज आला की मला फोन येतो, काय करू बे म्हणून. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा इथं एकदाच लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, मेसेज आला म्हणजे पैसे गेले असं नाही, आणि मेसेज खरा आहे असंही नाही. डेटा लीकची बातमी आली की तिच्याच नावानं खोटे मेसेज सुटतात, तुमचं कार्ड सुरक्षित करण्यासाठी इथं क्लिक करा वगैरे. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवायचंच नाही. दुकानाची साइट स्वतः टाइप करून उघडा, नाहीतर सरळ दुकानात जाऊन विचारा, आपल्या सोलापुरात नवी पेठ काय लांब आहे का. बँकेचं काम असेल तर बँकेचं ॲप किंवा कार्डाच्या मागं छापलेला नंबर, तिसरा रस्ता नाही. गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तिथं चोरांनी स्वतःचे नंबर टाकून ठेवलेले सापडतात. एक खूण मात्र कामाची आहे, आरबीआयनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं, त्यामुळं बँकेच्या नावापुढं भलतंच शेपूट दिसलं तर तिथंच थांबा.

आता नेमकं फुटलंय काय हे बघायचं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासनं आपल्याकडं दुकानांना, शॉपिंग साइटना, पेमेंट गेटवेला (साइटसाठी पैसे घेणारी मधली कंपनी) तुमच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवायला बंदी आहे. शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव एवढंच ठेवता येतं. साइटवर कार्ड सेव्ह करा असं येतं आणि आपण हो म्हणतो तेव्हा तिथं नंबर राहत नाही, टोकन राहतं, म्हणजे त्या एका कार्डासाठी त्या एका दुकानापुरता बनवलेला बदली नंबर, तो चोरून दुसरीकडं वापरता येत नाही. हा नियम आला तेव्हा सगळ्यांनी लई शिव्या घातल्या होत्या, परत परत नंबर टाकावा लागतो म्हणून, मी पण घातल्या. पण आज दुकानाचं अख्खं रजिस्टर चोरीला गेलं तरी त्यात आपलं नाव, मोबाइल, पत्ता, बिलं आणि चार आकडे एवढंच निघतं ते त्या नियमामुळं.

मग माझं कार्ड कसं गेलं? साठवलेलं नाही गेलं, टाइप करतानाच उचललं असणार. पैसे भरायच्या पानात चोर स्वतःचा छोटा कोड घुसवून ठेवतात, तुम्ही नंबर, तारीख, सीव्हीव्ही (कार्डामागचे तीन आकडे) टाकता ते दुकानाकडं पण जातं आणि त्याच क्षणी चोराकडं पण. २०१८ मधे ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर हेच झालं होतं, तो कोड जेमतेम २२ ओळींचा निघाला आणि लाखो लोकांची कार्डं गेली, पुढं तिथल्या सरकारी यंत्रणेनं कंपनीला २ कोटी पौंड दंड ठोकला. त्याच्याआधी २०१३ मधे अमेरिकेत टार्गेट नावाच्या दुकानांच्या साखळीत स्वाइप मशीनच्या सिस्टीममधेच व्हायरस बसवला होता, चारेक कोटी कार्डं गेली, आणि चोर शिरले कुठनं तर त्यांच्या एसी-फ्रीजचं काम करणाऱ्या ठेकेदाराच्या लॉगिननं. म्हणजे दुकान कितीही मोठं असू दे, मागचं दार कुणाच्यातरी हातात असतंच.

काउंटरवर चिपचं कार्ड मशीनमधे घालून पिन दाबला असेल तर त्यातल्या त्यात बरं. चिप प्रत्येक व्यवहाराला नवा कोड काढते, तो उचलून परत चालत नाही. जुनी नुसत्या काळ्या पट्टीची कार्डं हुबेहूब दुसऱ्या कार्डावर उतरवता यायची, ती आपल्याकडं २०१८ संपेपर्यंत बदलून टाकायला लावली. म्हणून दुकानातल्या खरेदीपेक्षा वेबसाइटवरची खरेदी आधी आठवा, दुकानाने सांगितलेल्या काळात तुम्ही तिथं हातानं कार्ड नंबर टाकला होता का. टाकला असेल, किंवा दुकान माझ्या दुकानासारखं काहीच धड सांगत नसेल, तर कार्ड फुटलंय असंच धरून चाला. फक्त यूपीआयनं पैसे दिले असतील तर कार्डाचा प्रश्नच नाही, दुकानाकडं तुमचा कार्ड नंबर गेलेलाच नाही.

यानंतरचं काम दोन मिनिटाचं आहे आणि ते मेसेज वाचल्या वाचल्या, पाळण्याखाली उभं राहूनच करायला पाहिजे होतं मी. बँकेचं ॲप उघडा, कार्ड मॅनेज करायचा भाग असतो, त्यात परदेशी व्यवहार बंद करा, ऑनलाइन व्यवहार बंद करा, टॅप करून पैसे जातात ते पण बंद करा, कारण टॅपला ५,००० पर्यंत पिन लागत नाही. हे चालू-बंद करायची सोय सगळ्या बँकांना द्यावी लागते, २०२० पासनं नवीन कार्ड येतं तेच ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद ठेवून येतं, आपण कधीतरी कशासाठीतरी चालू करतो आणि विसरतो. मी कुठल्यातरी कोर्सची फी भरायला परदेशी व्यवहार चालू केले होते, दोन वर्षापूर्वी. भारतातल्या साइटवर सहसा ओटीपी किंवा तसलीच दुसरी खात्री लागते त्यामुळं नुसता नंबर चोरून इथं फार काही करता येत नाही, पण बाहेरच्या बऱ्याच साइट ओटीपी विचारतच नाहीत, नंबर, तारीख, सीव्हीव्ही, झालं. २०१६ मधे देशातली ३२ लाखांच्या आसपास डेबिट कार्डं फुटली होती तेव्हा पण वापर चीन-अमेरिकेत झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तेव्हा बाकी काही नाही जमलं तरी हे एक बटण दाबाच.

बंद करणं म्हणजे तात्पुरतं कुलूप. पूर्ण नंबर गेला असेल तर कार्ड कायमचं ब्लॉक करून नवीनच मागवायचं. इथं लोक एक चूक हमखास करतात, घाबरून पिन बदलतात आणि निवांत झोपतात. अहो पिन एटीएमला आणि मशीनला लागतो, ऑनलाइन चोरी करणाऱ्याला तुमच्या पिनशी काय घेणं नाही, त्याच्याकडं नंबर आहे, आणि नंबर बदलतो फक्त नवीन कार्डानं. चोर लगेच वापरतील असं पण नाही, महिनोनमहिने नंबर पडून ठेवतात, विकतात, सगळे विसरले की काढतात. नवीन कार्डाला बँक थोडेफार पैसे लावू शकते. दुकानाचा डेटा फुटलाय म्हणून बदलून द्या असं बँकेला सांगून बघा, कधी माफ करतात, नाही केले तरी भरा आणि मोकळे व्हा.

ब्लॉक करायच्या आधी पाच मिनिटं बसून त्या कार्डावरनं आपोआप काय काय कापलं जातं ते लिहून काढा, विम्याचा हप्ता, मोबाइलचं बिल, सिनेमाचे ॲप. कार्ड मेलं की हे सगळं थांबतं आणि विम्याचा हप्ता चुकलेला कळतो तीन महिन्यानं. थोडी कॅश पण काढून ठेवा. डेबिट कार्ड ब्लॉक केलं म्हणून फोनवरचं यूपीआय बंद पडत नाही, ते खात्याला जोडलेलं असतं, पण त्याच दिवसांत यूपीआयचा पिन विसरलात तर तो परत सेट करायला कार्डाचे आकडे लागतात, नाहीतर आधारचा रस्ता.

मग स्टेटमेंट. दुकानाने सांगितलेल्या तारखेपासनं आजपर्यंतचं सगळं, ओळ न् ओळ. मोठे आकडे सगळेच बघतात, तुम्ही १०, ४०, ८९ असले बघा. घरात वडीलधाऱ्यांचं खातं असेल तर पासबुक भरून आणा आणि त्यांच्यासोबत बसा. आमचे अप्पा एसटीतनं रिटायर झालेत, त्यांच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर निघाला बंद पडलेला, आठ वर्षापूर्वीचा. म्हणजे त्यांच्या खात्यात काहीही झालं असतं तरी मेसेज कुणालाच गेला नसता. एवढ्यासाठी मी अर्धा दिवस सुट्टी काढून त्यांना ब्रांचला घेऊन गेलो, फॉर्म भरला, आणि येताना वाटेत चहा पिऊन आलो.

समजा व्यवहार झालाच आहे. तर घड्याळ चालू झालं असं समजा. आधी बँक, कार्डाच्या मागचा नंबर, कार्ड ब्लॉक, तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या, तो घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. लगेच १९३० ला फोन, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. जितकं लवकर तितकी पैसे मधेच कुठंतरी अडवायची शक्यता जास्त. मग बँकेला ईमेल, नाहीतर ब्रांचमधे लेखी अर्ज देऊन त्याच्या झेरॉक्सवर तारखेसकट पोच. तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही.

आता हे नीट वाचा कारण यात पैसे आहेत. आरबीआयनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं हा नियम घातला. चूक तुमची पण नाही आणि बँकेची पण नाही, मधेच तिसरीकडं कुठंतरी फुटलंय, म्हणजे नेमकं दुकानाच्या लीकसारखं, अशा वेळी व्यवहाराचा मेसेज आल्यापासनं तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर तुमचं नुकसान शून्य, सगळे पैसे बँकेनं द्यायचे. मेसेज आलेला दिवस धरायचा नाही, आणि कामाचे दिवस तुमच्या ब्रांचचे धरायचे. म्हणजे शुक्रवारी रात्री मेसेज आला, दुसरा शनिवार आणि रविवार सुट्टी, तर सोमवार मंगळवार बुधवार हे तुमचे तीन दिवस. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर तुमच्यावर थोडा भार येतो, साध्या बचत खात्याला आणि ५ लाखापर्यंत लिमिटच्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्याच्यावरच्या लिमिटच्या कार्डाला २५,०००, झीरो बॅलन्सच्या बेसिक खात्याला ५,०००. सात दिवसानंतर बँकेचं जे धोरण असेल ते, म्हणजे त्यांच्या मर्जीवर. कळवल्यापासनं दहा कामाच्या दिवसांत बँकेनं ती रक्कम खात्यात परत दाखवायची असते आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची असते.

ब्रांचमधे गेलात की काउंटरवरनं ऐकायला मिळतं की ओटीपी तुम्हीच कुणालातरी दिला असणार. भांडू नका, शांतपणे म्हणा की तसं सिद्ध करायची जबाबदारी आरबीआयच्या नियमानुसार बँकेवर आहे, तुम्ही लेखी द्या. लेखी द्या म्हटलं की पुष्कळदा सूर बदलतो. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, वकील लागत नाही, फी लागत नाही, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे.

पण ही सगळी ढाल एका गोष्टीनं गळून पडते, तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला की. मग बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर काय झालं तर बँकेचं. आणि दुकानाच्या लीकमधला खरा धोका माझ्या मते हाच आहे, कार्ड नंबर नाहीच. कार्ड दोन मिनिटात बंद होतं. तुमचं नाव, मोबाइल, पत्ता, कधी काय घेतलं हे गेलं ते गेलं, ते बंद करायचं बटण नाही. २०२० मधे बिगबास्केटच्या २ कोटीच्या आसपास ग्राहकांची माहिती फुटली तेव्हा कंपनीनं सांगितलं की आम्ही कार्डाची माहिती ठेवतच नाही, आणि लोक निवांत झाले. पण चोराला कार्ड कुठं पाहिजे, त्याला बोलायला विषय पाहिजे.

आमच्याकडं तो फोन अप्पांना आला, कारण दिवाळीच्या ऑर्डरला पत्त्याखाली त्यांचा नंबर दिला होता. मी शेजारीच बसलो होतो. पलीकडचा माणूस एकदम अदबीनं, शुद्ध मराठीत, काका नमस्कार, तुम्ही दिवाळीत दोन साड्या आणि एक लहान मुलीचा ड्रेस घेतला होता ना, ड्रेस सात वर्षाच्या मापाचा. अप्पा खुश, हो हो बरोबर. काका आमच्याकडं जरा टेक्निकल प्रॉब्लेम झालाय, तुमचं कार्ड सुरक्षित करायचंय आणि झाल्या त्रासाबद्दल दोन हजार परत द्यायचेत, शेवटचे चार आकडे अमुक अमुक ना? अप्पांनी माझ्याकडं बघून खूण केली, बघ किती चांगली माणसं आहेत. चार आकडे बरोबर होते! आता एक नंबर येईल तेवढा सांगा म्हणाला, आणि मी फोन हातातनं घेतला. मी म्हटलं कुठल्या ब्रांचमधनं बोलताय, तर म्हणाला मेन ब्रांच. कुठं आहे ती? फोन कट.

अप्पा माझ्यावरच चिडले. म्हणाले अरे त्याला मापासकट सगळं माहिती होतं. तेच तर. समोरच्याला आपली माहिती आहे म्हणजे तो आपला माणूस आहे हे गावात खरं असतं, फोनवर नसतं. म्हणून घरात एक नियम केलाय, पैशाचा फोन आला की समोरचा कितीही खरं सांगू दे, मी परत लावतो म्हणून ठेवायचा, आणि कार्डाच्या मागच्या नंबरवर आपण लावायचा. खरी बँक असेल तर रागावत नाही. ओटीपी आला तर त्या मेसेजमधे कशासाठी आहे आणि किती रुपये हे लिहिलेलं असतं ते वाचायचं, पैसे परत मिळायला ओटीपी लागत नसतो. रिफंडचा फॉर्म म्हणून व्हॉट्सॲपवर कसलीही फाइल आली तर उघडायची नाही, त्यातनं ॲप बसतं आणि तुमचे मेसेज तिकडं वाचले जातात. स्क्रीन शेअर करा म्हणाला तर काही न बोलता ठेवा. असे नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर कळवता येतात.

त्या दुकानाच्या साइटवर खातं असेल तर पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड ईमेलला पण असेल (असतोच, खरं सांगा) तर आधी ईमेलचा बदला. दुकानाने कधी पॅन किंवा आधारची कॉपी घेतली असेल, हप्त्यावर काही घेताना घेतात, तर सिबिलचा रिपोर्ट काढून बघा आपल्या नावावर न घेतलेलं कर्ज आहे का. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क अशा कुणाच्या नावावर किती कर्ज याची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडनं वर्षातनं एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यामुळं तीन-तीन महिन्यानं एकेकीचा काढला तर वर्षभर लक्ष राहतं.

दुकानाला पण सोडू नका, ईमेल करून विचारा की माझी नेमकी कुठली माहिती गेली. लीक झाल्यावर ज्याची माहिती गेली त्याला कळवायचं हे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे. मी विचारलं, दोन आठवड्यानं उत्तर आलं, त्यात पण दिलगीर आहोत एवढंच. पण तो ईमेल बँकेच्या तक्रारीला जोडायला कामाला आला, लीक झाल्याचं दुकानानंच कबूल केलंय म्हणून.

८९ रुपये नवव्या दिवशी परत आले. नवीन कार्ड त्याच्या आधीच पोस्टानं आलं होतं. त्यावर फक्त दुकानातलं मशीन आणि एटीएम चालू ठेवलंय, ऑनलाइन काही घ्यायचं असलं की चालू करतो, घेतो, परत बंद करतो, आणि ऑनलाइनची रोजची मर्यादा ५,००० केलीय. बँकेच्या साइटवर आपल्या कार्डाची टोकनं कुठल्या कुठल्या दुकानात आहेत ते दिसतं, त्यातली न लागणारी काढून टाकली, अकरा होती, त्यातल्या चार साइट तर मला आठवत पण नाहीत. जुन्या कार्डाचे कात्रीनं तुकडे केले, चिप मधोमध कापून, आणि तुकडे दोन वेगळ्या कचऱ्यात टाकले.

अप्पा परवा चाटी गल्लीत टॉवेल घ्यायला गेले होते. काउंटरवरच्या पोरानं मोबाइल नंबर सांगा काका म्हटलं, तर म्हणाले टॉवेल घ्यायलोय रे, सोयरीक जमवायलो नाही, कागदाचं बिल दे.